एक कुलूप घ्यायचं होतं, बाकी काही नाही

घराचा ताबा मिळून बारावा दिवस. संध्याकाळी मी सोफ्यावर आडवा पडलोय आणि बाहेरून कुणीतरी दाराला किल्ली लावतंय. मला वाटलं, बायको आली. दार उघडलं आणि आत एक वीस-बावीस वर्षांचा पोरगा, मी जन्मात कधी न पाहिलेला. माझ्यापेक्षा तोच जास्त दचकला. "अरेच्चा, तुम्ही राहायला आलात का?" आधीच्या मालकांचा भाचा निघाला. माळ्यावर त्याची रॅकेट राहिली होती. काढून दिली. किल्ली मागितली तर म्हणाला, "ही मामाची नाही काका, मी माझी वेगळी बनवून घेतली होती." मग दिली, पण उपकार केल्यासारखी.

याच मामांनी ताबा देताना माझ्या हातावर तीन किल्ल्या ठेवून "एवढ्याच आहेत हं" असं सांगितलं होतं. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांनाच माहीत नव्हतं. साधी किल्ली पाच मिनिटांत बनते आणि कुणी किती बनवल्या याची नोंद कुठेच नसते. शेजारी, रंगारी, नातेवाईक, कुणाकुणाच्या जुडग्यात माझं घर लटकतंय कोण जाणे! पहिल्याच दिवशी कुलूप बदलायला हवं होतं, ही चूक माझी. मान्य. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी शटरसमोर उभा होतो.

तिथून पुढचे तीन आठवडे मी जी डोकेफोड केली, ती आता बाहेर काढतो.

दुकानाची अख्खी भिंत खोक्यांनी भरलेली आणि प्रत्येक खोक्यावर ढालीचं चित्र. काहींवर दोन ढाली. 'हाय सिक्युरिटी', 'अल्ट्रा', 'मॅक्स', एकावर तर 'मिलिटरी ग्रेड'. कुठल्या सैन्याने या कुलपावर हल्ला करून पाहिला होता? मी विचारलं, यातलं सुरक्षित कुठलं? विक्रेता म्हणाला, "सगळीच." मग फरक काय? त्याने एक खोकं माझ्या हातात दिलं. "वजन बघा साहेब!" वजन बघितलं. जड होतं. खलबत्तापण जड असतो, म्हणून तो दाराला लावतो का आपण?

खोक्यावर जे हवं ते सोडून सगळं लिहिलेलं असतं. ड्रिल लावलं तर टिकेल का? मधोमध मोडता येतं का? ठोका-किल्लीने उघडतं का? एक अक्षर नाही. (ही ठोका-किल्ली भन्नाट प्रकार आहे. सगळे दाते खोलवर कापलेली किल्ली आत घालायची, वर हलकासा ठोका मारायचा, आतल्या पिना क्षणभर उडतात आणि तेवढ्यात किल्ली फिरवायची. साधी पिनवाली कुलपं अशी सहज उघडतात. चोरांना ठाऊक आहे, खोकं छापणाऱ्यांना नाही.)

बरं, मानकं नसती तर मी गप्प बसलो असतो. मानकं आहेत, चिक्कार आहेत! पण ती अशी बनवलीत की माणसाने हात टेकावेत. युरोपातल्या ईएन 1303 या मानकात सिलिंडरला, म्हणजे कुलपाच्या ज्या भागात किल्ली जाते त्याला, आठ खुणांचा सांकेतिक क्रमांक असतो. त्यात किल्लीच्या सुरक्षिततेचा आकडा सातवा, तिथे 6 म्हणजे सर्वांत चांगलं. शेवटची खूण मोडतोडीला तोंड देण्याची, तिथे 0 म्हणजे काहीच नाही आणि डी म्हणजे सर्वांत दणकट. ठीक. आता अमेरिकी ग्रेड बघा. तिथे 1 सर्वांत चांगला आणि 3 सर्वांत कच्चा. ब्रिटनमध्ये वेगळंच, तिथे तारे मोजायचे, तीन तारे म्हणजे सर्वांत चांगलं. म्हणजे एका खोक्यावरचा 3 हा 'उत्तम' आणि शेजारच्या खोक्यावरचा 3 हा 'जेमतेम'. आणि दोन्हीवर ढाल सेम टू सेम.

मी मात्र मूर्खासारखा एका खोक्यावरचा मोठ्ठा '6' बघून खूश झालो. घरी येऊन भिंग लावून वाचलं, तर तो सहा होता टिकाऊपणाचा. म्हणजे किल्ली एक लाख वेळा फिरवली तरी कुलूप झिजणार नाही. वा! चोराने लाखभर वेळा उघडलं तरी खराब व्हायचं नाही. मोडतोडीच्या जागी होता 0.

ते परत केलं. पहिली फेरी.

दुसरी फेरी मापामुळे. माझ्या दाराला जे कुलूप आहे त्यात लांबुळका पितळी सिलिंडर असतो आणि तो बहुतेक वेळा तेवढाच काढून बदलता येतो. अख्खं कुलूप बदलायची गरजच नव्हती! दुकानात हे मला कुणी सांगितलं? नाही. हँडल, पट्टी, आतली पेटी, सगळा संसार गळ्यात बांधायला निघाले होते. आणि सिलिंडरचं माप नुसत्या लांबीने चालत नाही. मधल्या स्क्रूच्या भोकापासून बाहेरची बाजू किती आणि आतली किती, असं दोन आकड्यांत सांगावं लागतं. 35/45 आणि 45/35 यांची एकूण लांबी एकच, पण आतून फिरवायची मूठ असलेला सिलिंडर उलटा आला की गेला कामातून. मला उलटा मिळाला. मी दुकानात म्हटलं, बाहेरून 45 सांगितलं होतं. तो म्हणाला, "उलटा करून बसवा ना." म्हणजे मूठ बाहेर. जो येईल त्याने फिरवावी आणि आत यावं. त्यापेक्षा दाराला तोरण बांधून पाटी लावतो ना, सुस्वागतम् म्हणून!

हे माप म्हणजे काही नखरे नाहीत. सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावला, की पकडीत धरून मोडायला सोपा. मोडतो कुठे? त्याच मधल्या स्क्रूच्या भोकापाशी, कारण तिथे धातू सर्वांत कमी. एकदा मोडला की आतली यंत्रणा स्क्रूड्रायव्हरने फिरते. चांगल्या सिलिंडरला पुढच्या भागात मुद्दाम खाच ठेवतात. जोर लावला की पुढचा तुकडा निघून येतो आणि मागचा भाग दार धरून ठेवतो. किती साधी, हुशार युक्ती! पण खोक्यावर तिचं चित्र काढायचं सोडून काय, तर ढाल.

जुना सिलिंडर मी फूटपट्टी लावून मोजला. नऊ मिलिमीटर बाहेर. नऊ! आधीचे लोक इतकी वर्षं त्या दाराआड शांत झोपत होते.

मग कुणीतरी म्हणालंच, "अहो, स्मार्ट लॉक घ्या ना, कुठल्या जमान्यात आहात?" हे वाक्य मी तीन आठवड्यांत किमान दहा जणांकडून ऐकलं. घेतो की! पण कित्येक स्मार्ट कुलपं म्हणजे आतून एक मोटर, जी तोच जुना सिलिंडर फिरवते. बाहेरून कुलूप जसंच्या तसं. म्हणजे चोरासाठी काही बदललं नाही, माझ्यासाठी मात्र बॅटरी, ॲप, पासवर्ड आणि अपडेट वाढले. आकड्यांच्या पॅडचं तर विचारूच नका. चार आकड्यांचे दहा हजार पर्याय, असं छाती फुगवून सांगतात. रोज तीच चार बटणं दाबून ती मळकट झाली, की उरतात फक्त 24. बोटाचा ठसा? माझ्या फोनला माझं ओलं बोट ओळखता येत नाही, पावसात भिजत दाराशी उभा राहून मी कुणाच्या नावाने बोटं मोडू?

जमान्याचीच गोष्ट काढलीत तर ऐका. जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने 1784 मध्ये कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे त्याच्या दुकानाच्या खिडकीत कुलूप टांगलेलं असायचं, उघडून दाखवणाऱ्याला 200 गिनी इनाम. 1851 मध्ये, लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी, हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ते उघडलं. 16 दिवसांत मिळून 51 तास लागले त्याला. म्हणजे खिडकीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक, हे कुलूप कसल्या परीक्षेला बसलंय ते. आणि आज माझ्या हातात काय? 'अल्ट्रा मॅक्स'.

तिसऱ्या फेरीत अखेर बरा सिलिंडर मिळाला. माप बरोबर, पुढे खाच, ड्रिल अडवायला पोलादी पिना आणि आतून मूठ. मुठीवरून घरात वादावादी झाली. मामा (माझे, त्या रॅकेटवाल्याचे नाहीत) म्हणत होते, दोन्ही बाजूंनी किल्लीचं घे, जास्त मजबूत. मामा, रात्री घरात धूर भरला तर अंधारात किल्ली शोधत बसू का? शिवाय साध्या दुतर्फी सिलिंडरमध्ये आतून किल्ली राहिली की बाहेरची किल्ली चालत नाही. मामांचा हा अनुभव स्वतःचा आहे, मामी आत झोपलेल्या आणि हे दोन तास जिन्यात. तरी हट्ट तोच!

सिलिंडर बसला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात बसवायला आलेल्या सुतारकाकांनी चौकटीची पट्टी काढली. ती, ज्यात कुलपाची जीभ जाते. तिचे दोन स्क्रू त्यांनी तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरले. नखाएवढे. नुसत्या वरच्या फळीत घुसलेले, फळी तिथे ओलीने मऊ झालेली. काकांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं तर ते लोण्यात शिरावं तसं आत गेलं. "एक लाथ," ते म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.

तीन आठवडे मी पिना, तारे आणि खाचा यांच्यात मुंडी घालून बसलो होतो आणि दार एका लाथेचं होतं. नव्या खोक्यातले स्क्रूही काढून पाहिले, तेही तसलेच! इतकं भारी कुलूप आणि बरोबर वहीच्या पुठ्ठ्याला लावायचे स्क्रू. काकांनी कुजकी फळी कापून नवं लाकूड बसवलं आणि 75 मिलिमीटरचे स्क्रू चौकटीतून थेट मागच्या भक्कम भागापर्यंत नेले. या सगळ्या भानगडीत हीच वस्तू सर्वांत स्वस्त, आणि तिच्याबद्दल एकाही विक्रेत्याने चकार शब्द काढला नव्हता. काढतील कशाला? स्क्रूवर ढाल छापता येत नाही.

आता दार बंद होतं. खट्ट असा घट्ट आवाज येतो. किल्ल्यांबरोबर एक छोटं कार्ड आलंय, त्यावर क्रमांक. ते दाखवल्याशिवाय या किल्लीची नक्कल अधिकृतपणे बनत नाही, म्हणजे कुठल्या भाच्याला परस्पर बनवून घेता यायची नाही. कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय, 'कुलूपबंद जागी ठेवावे'.

घरात कुलूपबंद जागा एकच, बेडरूममधलं भिंतीतलं कपाट. त्याची किल्ली रॅकेटवाल्याच्या मामांनी दिलेल्या त्या तिन्हींत नाहीये.