चार नगरसेवक आहेत, पण आमच्या गल्लीचा कोण?

नागपूरकर मित्रांनो, १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, दुसऱ्या दिवशी गुलाल उडाला, महापालिकेत पुन्हा भाजपची सत्ता आली. कोण जिंकलं, कोण हरलं यावर भरपूर लिहून झालं आहे. मला विचारायचं आहे ते वेगळं आणि फार साधं आहे. तुमच्या घरासमोरच्या गडरलाईनचा, म्हणजे गटाराच्या लाईनचा, नगरसेवक कोण? चार नावं नकोत. एक नाव सांगा.

बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. आपल्या शहरात १५१ नगरसेवक आणि ३८ प्रभाग आहेत. ३७ प्रभागांत चार-चार, शेवटच्या ३८ नंबरमध्ये तीन. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. तिला ३८ ने भागलं तर एका प्रभागात साठ हजारांहून जास्त माणसं येतात, तीही जनगणनेच्या जुन्या आकड्यावर. एवढी तर कित्येक तालुक्यांच्या गावांचीही लोकसंख्या नसते. त्या गावाला निदान एक नगराध्यक्ष असतो, ज्याचं नाव पोराटोरांना माहीत असतं.

ही पद्धत काही आभाळातून पडलेली नाही. २००७ मध्ये आपण एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडला होता. २०१२ मध्ये दोघांचा प्रभाग झाला, २०१७ मध्ये चौघांचा. मधल्या काळात महाविकास आघाडी सरकारने आधी एकाचा वॉर्ड करायचं ठरवलं, मग तिघांचा प्रभाग केला. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि गाडी परत चौघांवर आली. म्हणजे आपला प्रतिनिधी किती मोठ्या भागाचा असावा, हे मुंबईत मंत्रालयात त्या त्या वेळी बसलेल्यांच्या सोयीने ठरत आलं. सगळ्याच पक्षांनी हे केलं. आणि खुद्द मुंबईत मात्र २२७ वॉर्ड, २२७ नगरसेवक, एकाला एक. त्यांना जे चालतं ते नागपूरला का चालू नये, याचं पटणारं उत्तर मला आजपर्यंत कोणी दिलेलं नाही.

आता आमच्या लेआउटची गोष्ट सांगतो. दक्षिण नागपुरातली जुनी वस्ती. सिमेंट रोड झाला तेव्हा रस्त्याची पातळी घरांच्या फाटकांपेक्षा वर गेली. हे शहरभर झालं आहे, तुमच्याकडेही असेलच. आमच्याकडे त्यात भर म्हणजे गडरचं एक चेंबर सिमेंटखाली गेलं. झाकण कुठे आहे ते आता कोणालाच सांगता येत नाही. लाईन चोक झाली की पाणी वर यायला जागा शोधतं, आणि ती जागा म्हणजे कोपऱ्यावरच्या आजींची मोरी. आजी एकट्या राहतात. सकाळी उठून आधी मोरीतलं काळं पाणी बादलीने उपसायचं, फिनाईल टाकायचं, मग चहा ठेवायचा. पाटा-वरवंटा त्यांनी दिवाणावर उचलून ठेवला आहे, कारण खाली ठेवला तर तो रोज धुवावा लागतो.

झोन ऑफिसला तक्रार दिली. गाडी आली, मशीन लावून गेली, चार दिवसांनी परत तेच. चेंबर फोडून वर घ्यायला मंजुरी लागते, मंजुरीला पाठपुरावा लागतो, आणि पाठपुरावा करायचा तो नगरसेवकाने. म्हणून चौघांना फोन लावले.

पहिले म्हणाले, "भाऊ, तुमचा लेआउट माझ्याकडे नाही येत. तिकडचं ते दुसरे भाऊ पाहून राहिले." दुसरा फोन एका ताईंचा होता, तो त्यांच्या मिस्टरांनी उचलला. "मॅडम मीटिंगमध्ये आहे, पण तो भाग आपल्याकडे नाही न." तिसऱ्यांनी फोटो मागवले, पाठवले, त्यावर अंगठा आला. चौथे भले माणूस, ते म्हणाले, "होऊन जाईन, पण ज्यांचा एरिया आहे त्यांना विचारल्याशिवाय मी हात घातला तर त्यांना राग येते."

चौघंही एकाच पक्षाचे, एकाच पॅनलचे. विरोधक काम होऊ देत नाही असं म्हणायलाही जागा नाही.

शेवटी बूथचं काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने खरं काय ते सांगितलं. प्रचारात चौघांनी बूथ वाटून घेतले होते. इतके बूथ तुझे, इतके माझे. निकालानंतर तीच वाटणी कामांसाठी चालू राहिली. आमचं बूथ नेमकं दोघांच्या सीमेवर आलं.

हे ऐकल्यापासून माझं मत पक्कं झालं आहे. एकाला एक वॉर्ड ही पद्धत नागपुरात आजही चालू आहे. ती नगरसेवकांनी आपसात ठेवली आहे, फक्त मतदारांना सांगितलेली नाही. कायद्याने चौघंही अख्ख्या प्रभागाचे. त्यामुळे "हा एरिया माझ्याकडे नाही" असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही, आणि "तुमच्याचकडे आहे" असं धरून विचारायची सोय आपल्यालाही नाही. काम झालं की बॅनरवर चौघांचे फोटो असतात. काम अडलं की फोन एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

प्रभाग मोठा केल्याने आणखी एक नुकसान झालं, त्याची चर्चा होत नाही. साठ-सत्तर हजार लोकांपर्यंत पोचायचं तर पैसा लागतो, माणसं लागतात, पक्षाचं चिन्ह लागतं. गल्लीत वर्षानुवर्षं राशन कार्डापासून दवाखान्यापर्यंत लोकांची कामं करणारा माणूस स्वतःच्या नावावर उभा राहून निवडून येणं जवळजवळ अशक्य झालं. २०१७ मध्ये भाजपचे १०८, काँग्रेसचे २९, बसपचे १० निवडून आले, आणि १५१ मध्ये अपक्ष होता फक्त एक. मतदान यंत्रासमोर उभं राहिलं की अ, ब, क, ड अशा चार जागा, चार वेळा बटण दाबायचं. किती जणांनी चारही उमेदवारांचं काम पाहून बटण दाबलं असेल? चिन्ह शोधलं आणि दाबत गेले. आमच्या आजींनीही तेच केलं, त्यांनी मला तसं सांगितलं.

या पद्धतीच्या बाजूने जे बोललं जातं त्यातला एक मुद्दा मला मान्य आहे. एकाचाच वॉर्ड असला की आरक्षणाच्या सोडतीत चांगलं काम करणाऱ्याचा वॉर्ड जातो आणि त्याला बाजूच्या वॉर्डात जागा शोधावी लागते. चौघांच्या प्रभागात तो टिकू शकतो. ज्या प्रभागात एकीकडे बंगले आणि दुसरीकडे झोपडपट्टी आहे, तिथे वस्तीतल्या माणसालाही जागा मिळते, हेही खरं. १५१ पैकी ७६ जागा महिलांच्या आहेत, आणि त्यातल्या कित्येक जणी स्वतः उन्हातान्हात फिरून काम करतात हेही मी पाहतो. पण प्रतिनिधित्व मिळालं तर ते कोणत्या गल्लीचं हेही कळलं पाहिजे की नाही?

काही जण म्हणतात, नगरसेवक नसलेलेच बरे, प्रशासक होता तेव्हा कुठे काय अडलं. त्यांनी २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवावी. आधीच्या महापालिकेची मुदत ४ मार्च २०२२ ला संपली होती. त्यानंतर जानेवारी २०२६ पर्यंत, जवळजवळ चार वर्षं, शहरात एकही नगरसेवक नव्हता. राज्यघटनेत स्पष्ट लिहिलं आहे की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, तरी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली. त्या २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घुसलं. लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. चार जणांचा जीव गेला. नंतर घरटी दहा हजारांची मदत जाहीर झाली, पंचनामे सुरू झाले. माजी नगरसेवक चिखलात उतरलेले मी स्वतः पाहिले, त्यांचं ऋण मानलं पाहिजे. पण सभागृहच नव्हतं. तलावाच्या सांडव्यासमोर अडथळा कसा झाला, नदीची भिंत का पडली, हे आयुक्तांना उभं करून विचारणारी महासभा नव्हती. लोकांना ते प्रश्न घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं.

त्यात आपल्याकडे आधीच मनपा आणि नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास, असा दुहेरी कारभार आहे. नियमितीकरणाच्या फेऱ्यात अडकलेल्या, १९०० आणि ५७२ या याद्यांमधल्या लेआउटवाल्यांना ते समजावून सांगायची गरज नाही, त्यांची अर्धी हयात "हे आमच्याकडे नाही" ऐकण्यात गेली. निदान ज्याला आपण मत दिलं त्याच्या तोंडून तरी ते वाक्य येऊ नये. आणि हे शहर नगरसेवकाला लहान समजणारं नाही. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये याच महापालिकेत नगरसेवक म्हणून आले आणि १९९७ मध्ये महापौर झाले. एका वॉर्डाची कामं करता करता माणूस कुठवर जातो हे नागपूरला नव्याने सांगायला नको.

वॉर्डरचना बदलायची तर विधिमंडळात कायदा बदलावा लागेल. ती मागणी लावून धरूच, आणि पुढची निवडणूक एकाला एक वॉर्ड या पद्धतीनेच व्हावी असं माझं ठाम मत आहे. पण तोवर पाच वर्षं थांबायचं कारण नाही. चौघांनी केलेली वाटणी कागदावर आणावी. कोणता लेआउट, कोणती वस्ती, कोणतं बूथ कोणाकडे, नाव आणि फोन नंबरसह. तो कागद झोन ऑफिसच्या फलकावर लागावा. याला ठराव लागत नाही, निधी लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही. दुसरं म्हणजे क्षेत्र सभा. २००९ पासून कायद्यात तरतूद आहे की काही मतदान केंद्रांच्या हद्दीतल्या मतदारांची सभा घ्यायची, अध्यक्ष नगरसेवक. तुमच्यापैकी कोणाला आजवर अशा सभेचं बोलावणं आलं आहे? मला नाही.

आमच्या प्रभागातल्या चौघांना या दोन मागण्यांचा लेखी अर्ज दिला आहे. झोनच्या आवक खिडकीवर प्रत देऊन शिक्काही घेतला. लेआउटमधल्या बऱ्याच घरांच्या सह्या आहेत, पहिली सही आजींची. अर्जात पक्षाचं नाव नाही, कोणावर आरोप नाही, एका पानाचा आहे. ज्यांना आपल्या प्रभागात द्यायचा आहे त्यांनी इनबॉक्समध्ये मागावा, मजकूर पाठवतो. फक्त प्रभाग क्रमांक आणि चार नावं बदलून घ्या, आणि बूथ क्रमांक लिहायला विसरू नका, त्याशिवाय वाटणी कळणार नाही.