‘चॅलेंज व्होट’ मागायला निघालेल्यांसाठी

‘यादीत नाव नाही? घाबरू नका! आधार किंवा वोटर कार्ड दाखवा, कलम ४९ए खाली चॅलेंज व्होट मागा आणि मतदान करा. तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं असेल तर टेंडर व्होट मागा. केंद्रावर १४ टक्क्यांपेक्षा जास्त टेंडर व्होट पडले तर फेरमतदान होतं. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’ खाली जोडलेले हात आणि तिरंगा.

हा मेसेज २०१९ च्या लोकसभेपासून फिरतोय. खोटा आहे हे कितीदा सांगून झालं, तरी निवडणूक आली की भिजलेल्या भिंतीतून ओल यावी तसा परत येतो. इतकी वर्षं मी तो वाचून सोडून देत असे. या वेळी तो माझ्या मावशीकडे पोहोचला आणि तिने त्यावर विश्वास ठेवला, म्हणून लिहायला बसले.

मावशीची लालबागची चाळ पुनर्विकासात गेली. सगळे सध्या भाड्याने भांडुपला. चाळीचा ग्रुप मात्र शाबूत आहे, हळदीकुंकवापासून स्मशानाच्या वेळेपर्यंत सगळं त्यावर येतं. तिचं नाव यादीतून उडालंय हे कळल्यावर मी म्हटलं, आज फॉर्म ६ भरू, नाव नोंदवायचा अर्ज. ती म्हणाली, “कशाला गं? कार्ड आहे ना माझ्याकडे. आणि नाहीच दिलं मत करायला, तर ते चॅलेंज व्होट असतं.” ग्रुपवर टाकणारे काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कलमाचा आकडा पाहूनच सगळे गप्प!

तर तो आकडा आधी पाहू. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये ४९ए आहे. तो कलम नाही, नियम आहे. आणि त्यात काय आहे? मतदान यंत्राची रचना कशी असावी, एक कंट्रोल युनिट, एक बॅलट युनिट आणि जोडता येणारा कागदी चिठ्ठीचा प्रिंटर, एवढंच. मतदाराने कोणाला काय दाखवून काय मागावं याचा तिथे उल्लेखही नाही. मतदान केंद्रावर जाऊन ‘४९ए खाली मत द्या’ म्हणणं म्हणजे यंत्राला कोणकोणते भाग असतात याची आठवण करून देणं.

‘चॅलेंज’ नावाचा प्रकार खरंच आहे, पण नेमका उलटा. तो आहे नियम ४९जे मध्ये. तिथे आक्षेप मतदार घेत नाही, मतदारावर घेतला जातो. उमेदवाराचा पोलिंग एजंट उठून म्हणतो, ‘हा माणूस तो नव्हेच.’ त्यासाठी दोन रुपये केंद्राध्यक्षाकडे जमा करावे लागतात (हो, दोनच), मग केंद्राध्यक्ष चौकशी करतो. आक्षेप खोटा ठरला तर त्या माणसाला मत देऊ देतात. खरा ठरला तर नाही. म्हणजे ज्याला आपण ‘मागायला’ निघालोय ते आपल्याविरुद्ध वापरायचं साधन आहे. आणि त्यातसुद्धा गृहीत एकच असतं, की ज्याच्या नावाने हा माणूस आलाय ते नाव यादीत आहे.

कारण यादीत नाव नसेल तर पुढचं सगळं बोलणंच संपतं. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ६२, त्यातलं पहिलंच पोटकलम वाचा. ज्याचं नाव त्या वेळी मतदारसंघाच्या यादीत नाही, त्याला तिथे मतदानाचा हक्क नाही. याला पळवाट नाही. आधार, पॅन, पासपोर्ट, खुद्द वोटर कार्डसुद्धा ‘मी कोण’ एवढंच सांगतं. ‘माझं नाव इथे आहे’ हे फक्त यादी सांगते. कार्ड घरच्या तिजोरीत तीस वर्षं जपून ठेवलं म्हणून नाव यादीत राहत नाही. उलट नाव यादीत असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँकेचं पासबुक यांतलं काहीही चालतं. लोकांच्या डोक्यात हे बरोबर उलटं बसलंय.

या मेसेजचा खरा उपद्रव मतदानाच्या दिवशी होत नाही, आधीच्या महिन्यांत होतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरायची शेवटची तारीख उलटली, की निवडणूक संपेपर्यंत यादीत एकही नाव घालता येत नाही. म्हणजे ‘त्या दिवशी बघू’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी बघण्यासारखं काही उरलेलंच नसतं. महापालिकेला तर त्याहून कठीण. १५ जानेवारी २०२६ ला मुंबईत मतदान झालं, ते १ जुलै २०२५ च्या विधानसभेच्या यादीवरून. राज्य निवडणूक आयोग तीच यादी घेऊन २२७ प्रभागांत फोडतो, नवीन नावं स्वतः नोंदवत नाही. जुलैत नाव नव्हतं त्याला डिसेंबरात जाग येऊन उपयोग शून्य. काकांचा मेसेज लोकांना नेमकं या काळात झोपवतो.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. लोक असल्या मेसेजवर विश्वास ठेवतात कारण नावं खरोखर उडतात. २४ एप्रिल २०१४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान झालं तेव्हा वर्षानुवर्षं मतदान करणारे लोक केंद्रावरून परत आले होते, आणि निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना महाराष्ट्राची माफी मागावी लागली होती. २०२६ च्या महापालिका निवडणुकीच्या यादीत दुसरं टोक दिसलं. मुंबईत संभाव्य दुबार नोंदी ११ लाखांवर, नावापुढे खुणेला दोन दोन चांदण्या. परळचा माणूस बोरिवलीला गेला की त्याने फॉर्म ८ भरून पत्ता बदलायचा असतो. तो नवा फॉर्म ६ भरतो, जुनं नाव तसंच राहतं. या सगळ्यात यंत्रणेचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. पण खोटा उपाय वाटत सुटल्याने यंत्रणेला जाब कोण विचारणार? ‘चॅलेंज व्होट आहे की’ म्हणून सगळे निवांत.

खरं तर जाब विचारायला कायद्यात जागा आहे. मावशीसारख्यांना ‘स्थलांतरित’ म्हणून काढून टाकलं जातं. पण तात्पुरतं दुसरीकडे राहायला गेल्याने माणसाचं नेहमीचं राहण्याचं ठिकाण सुटत नाही, हे १९५० च्याच कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. राहायला गेला म्हणून नाव वगळण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यायची, हे कलम २२ मध्ये आहे. १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं, की यादीत आधीपासून असलेलं नाव असं परस्पर काढता येत नाही. आता भांडुपचं भाड्याचं घर तात्पुरतं मानायचं की नाही यावर वाद होऊ शकतो, पुनर्विकासाची मुदत आपल्याकडे किती ताणली जाते ते सगळ्यांना माहीत आहे. पण वाद घालायचा तो नोंदणी अधिकाऱ्यासमोर, मतदानाच्या रांगेत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याचा गोंधळ कुठून आला असेल त्याचा माझा अंदाज असा. केंद्राध्यक्षाकडे गैरहजर, स्थलांतरित आणि मृत अशा मतदारांची एक वेगळी यादी असते. त्यात नाव आलं असलं तरी मूळ यादीतलं नाव कापलेलं नसेल, तर ओळख नीट पटवून मत देता येतं. कोणीतरी असं मत देऊन आलं असेल आणि घरी येऊन ‘नाव नव्हतं तरी दिलं’ म्हणालं असेल. नाव होतंच.

टेंडर व्होट. हे अर्धं खरं आहे. नियम ४९पी. तुमच्या नावावर कोणी आधीच मत टाकून गेलं असेल आणि तुम्ही तुमची ओळख पटवलीत, तर तुम्हाला मत द्यायला मिळतं. ते नाकारू देऊ नका. पण ते यंत्रावर नसतं. कागदी मतपत्रिका मिळते, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि मोजणीच्या दिवशी मोजली जात नाही. तिचा उपयोग झालाच तर पुढे कोर्टात. राजस्थानात २००८ मध्ये नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा अशा मतांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. एका मताचा फरक रोज पडत नाही.

१४ टक्के? हा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. फेरमतदान १९५१ च्या कायद्याच्या कलम ५८ आणि ५८अ प्रमाणे होतं. यंत्र बिघडलं, नष्ट केलं, मतदानच दूषित होईल अशी चूक झाली किंवा केंद्र बळकावलं, तर निवडणूक आयोग ठरवतो. टक्केवारी नाही. १५ का नाही, १३ का नाही, विचारून बघा काकांना.

या मेसेजला आता शेपट्याही फुटल्यात. ‘दोनदा मत दिलं नाही तर नाव कापतात’: खोटं, मत न देणं हे नाव वगळायचं कारण नाही. ‘परदेशातला मुलगा ऑनलाइन मत देऊ शकतो’: खोटं, त्याने नोंदणी केली असली तरी पासपोर्ट घेऊन इथेच यावं लागतं.

मावशीचं नाव आधी शोधायचं ते कार्डावरच्या क्रमांकावरून, नावावरून नाही, कारण आडनावाचं मराठीतून इंग्रजीत जाताना काय होईल सांगता येत नाही. नसेलच तर फॉर्म ६, ऑनलाइन किंवा बीएलओकडे, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे. १९५० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करून विचारता येतं. अर्ज फेटाळला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथेही नाही जमलं तर त्यानंतर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. लालबागच्या पत्त्यासाठी मुंबई शहराचं कार्यालय, फोर्टला जुन्या जकात घरात. भांडुपच्या पत्त्यासाठी उपनगरचं, वांद्रे पूर्वेला. दोन्हीकडे अर्ज करायचा नाही. तेवढ्यानेच दोन चांदण्या लागतात.