जग डीएमचं, म्हणून कॅरेक्टरही डीएमचं?

डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या टेबलावरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक प्लेअर एकेक कॅरेक्टर चालवतो, अन् डीएम, म्हणजे डन्जन मास्टर, बाकीचं जग चालवतो. नागपुरातल्या आमच्या गेमिंगवाल्या पोट्ट्यांत एक मेसेज फिरून राहिला आहे: 'जग डीएमनं उभं केलं, सबब त्यातली कॅरेक्टर्सही त्याचीच. प्लेअरनं डाइस टाकावा अन् गुमान बसावं.' खाली चार कारणं दिली आहेत. एकेक घेतो.

'डीएम म्हणजे लेखक.' हा खेळ जन्मला कसा ते बघा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली आलं, गायगॅक्स आणि आर्नसन यांचं. त्याआधी मिनेसोटात डेव्हिड वेझलीनं ब्राउनस्टाइन नावाचा वॉरगेम, म्हणजे टेबलावरचा लढाईचा खेळ, घेतला होता. त्यात फौजेऐवजी एकेका प्लेअरला गावातलं एकेक माणूस दिलं. प्लेअर मनानंच वागायला लागले. दोघांनी तर द्वंद्व लावलं, त्याचे नियमच नव्हते. वेझलीला वाटलं खेळ फसला. प्लेअर म्हणाले, पुन्हा घे. त्या टेबलावर आर्नसन होता.

'मंत्रानं डॉमिनेट झालं की कॅरेक्टर डीएमच चालवतो ना?' हा मुद्दा सगळ्यात जास्त लाइक खातो, अन् सगळ्यात पोकळ आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत डॉमिनेट पर्सन या मन ताब्यात घेणाऱ्या मंत्राला आधी विस्डमचा सेव्ह, म्हणजे डाइस टाकून वाचायची संधी, मिळतो. मंत्र एरवी फार तर मिनिटभर टिकतो, अन् मार बसला की दर वेळी पुन्हा सेव्ह. 1981 च्या कॉल ऑफ क्थुलू या भयकथेच्या गेममध्ये एका झटक्यात 5 किंवा जास्त सॅनिटी (मन शाबूत असल्याचे गुण) गेली तर वेड लागू शकतं, पण तिथंही आधी रोल आहे. ताबा उसना मिळतो, तोही नियमानं. मालकाकडून कोणी उसनं मागतं का बे?

धरमपेठेत एका मित्राच्या गच्चीवर आमचं सेशन होतं. तर्री-पोह्याच्या प्लेटा बाजूला सारलेल्या, डाइस सुपारीच्या डबीत. डीएम म्हणाला, "तुझी पुजारीण खंजीर काढते अन् राजाच्या पोटात घालते." रोल नाही, सेव्ह नाही. जिची पुजारीण होती तिनं डबी उघडलीसुद्धा नाही. "मग पुढचंही तूच सांग," म्हणाली अन् पेन्सिल कॅरेक्टरच्या शीटवर आडवी ठेवून दिली. राजा मेल्याचं दुःख कोणालाच झालं नाही.

'मोकळीक दिली की स्टोरी बोंबलते.' बोंबलते कधीकधी, कबूल. 'माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं' म्हणत सोबत्यांचेच खिसे कापणारे आम्हीही भोगलेत. पण निर्णय प्लेअरचा अन् परिणाम डीएमचा, ही वाटणी आहेच. चोराला कोतवालाच्या हाती द्या, त्याचा हात धरून चोरी करवू नका.

'गैरहजर प्लेअरचं कॅरेक्टर मग कोण चालवणार?' आधीच विचारून ठेवा, झालं. आमच्यात न आलेला बैलगाडी राखतो. एक योद्धा दिवाळीपासून गाडीच राखून राहिला आहे.