'कोमल रिषभ' यांना उत्तर: तमाशाच म्हणा, पण नीट म्हणा

गेल्या आठवड्यात मी बॉस्टनच्या 'द मायटी मायटी बॉसटोन्स' ह्या स्का-पंक (स्का हे जमैकातलं नाचरं संगीत, त्यात पंक रॉक मिसळलेलं) बँडवर लिहिलं होतं. त्याखाली 'कोमल रिषभ' ह्या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली. तिथल्या चौकटीत उत्तर मावेना, म्हणून ते इथे देतो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी प्रतिक्रिया जशीच्या तशी:

"लेख वाचला. तीन ट्रम्पेट कुठून आणलेत? ते सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन आहेत. जमैकाच्या लोकांचं संगीत गोऱ्या पोरांनी उचललं, त्यावर अवाक्षर नाही. एका गाण्यापलीकडे ह्यांना कोण ओळखतं? ज्याला एकही वाद्य येत नाही असा माणूस नुसता नाचतो म्हणून बँडचा सभासद, ह्याला संगीत नाही, तमाशा म्हणतात. रेकॉर्डवर तर तो ऐकूही येत नाही. बँड का फुटला तेही सोयीस्कर गाळलंत. लेखकाने उड्या मारण्याआधी ताल म्हणजे काय ते शिकावं."

कोमलताई (की कोमलराव, जे असाल ते), ट्रम्पेटचं तुमचं बरोबर आहे. दोन सॅक्सोफोन आणि एक ट्रॉम्बोन. मी घाईत ट्रम्पेट लिहिलं, ती चूक माझी, आणि काल रात्रीच दुरुस्त केली आहे. चूक दाखवल्याबद्दल मनापासून आभार. हेच दोन ओळींत, माणसाने माणसाला सांगावं तसं सांगितलं असतंत तर आज आपण दोघंही आपापल्या कामाला लागलो असतो.

पण तुम्हाला शेवटचं वाक्य लिहायचंच होतं. ताल शिकावा म्हणे. बरं.

आधी तुमच्या 'तमाशा' ह्या शब्दाकडे येतो, कारण तो तुम्ही शिवीसारखा फेकला आहे. माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी तिथे जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, हे मी मामाच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून पाहिलेलं आहे. जत्रेत रात्रभर बसून गण, गौळण, बतावणी, वग असं सगळं पाहून सकाळी शाळेत पेंगलोही आहे. आता तुम्ही मला एवढंच सांगा, गौळणीतली मावशी कोणतं वाद्य वाजवते? सोंगाड्या काय वाजवतो? ढोलकीवाला फडाचा, तुणतुणंवाला फडाचा, आणि मावशी काय पाहुणी? मावशी नसलेली गौळण कुठे पाहिलीत ते कळवा, मी भाडं खर्चून येतो.

तेव्हा बॉसटोन्समध्ये नुसता नाचणाऱ्या बेन कारला तुम्ही तमाशातला माणूस म्हटलंत ह्यात माझ्या लेखी त्याचा अपमान काहीच नाही. अपमान झाला तो तमाशाचा, आणि तो मराठी वाचकाने करावा ह्याचं वाईट वाटलं.

हा बेन कार कोण, ते नव्या वाचकांसाठी थोडक्यात. १९८३ साली बॉस्टनमध्ये ही पोरं जमली. डिकी बॅरेट गायला, बास गिटारवर जो गिटलमन, नेट अल्बर्ट गिटारवर, टिम बर्टन सॅक्सोफोनवर. बेन कार त्यांचा मित्र. असं सांगतात की त्याचं वय क्लबात शिरण्याइतकं नव्हतं, म्हणून दारावर 'हा आमच्या बँडमधला आहे' अशी थाप मारून त्याला आत घ्यायचे. आत घेतल्यावर काहीतरी करायला हवं, म्हणून तो नाचायला लागला. थापेचं खरं झालं आणि पुढे कित्येक वर्षं तो नाचतच राहिला. अल्बमवर जिथे इतरांच्या नावापुढे गिटार, ड्रम्स असं छापलेलं असतं तिथे त्याच्या नावापुढे छापलेलं असायचं 'बॉसटोन'. वाद्य काय, तर बँड. मला हे फार आवडतं. तुम्हाला आवडणार नाही, हे आलंच.

आणि हा काही बॉस्टनवाल्यांचाच चाळा नव्हे. लंडनच्या 'मॅडनेस'मध्ये चॅस स्मॅश आधी ओरडायला आणि नाचायलाच होता, रीतसर सभासद नंतर झाला. मँचेस्टरच्या 'हॅपी मंडेज'मध्ये बेझ आहे, हातात मराकास (खुळखुळ्यासारखं वाद्य) घेऊन डोळे मोठे करून नाचणारा. त्या मराकासचा आवाज किती जणांनी ऐकला असेल देव जाणे.

आता ताल.

मी पुण्यात पाच वर्षं ढोल-ताशा पथकात होतो. पहिलं वर्ष ढोल कमरेला बांधून नदीपात्रात सराव केला. टिपरू धरून बोटांना फोड आले, ढोल दोरीने काचला तिथे कमरेची सालं निघाली. दुसऱ्या वर्षी आमच्या ताशेवाल्या दादाने बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तुझा तिसरा हात कायम पुढे पळतो. तू ध्वज घे." ('हात' म्हणजे वाजवण्याचा एक ठराविक बोल. कोमल रिषभ यांना माहीत असेलच, त्यांनी ताल शिकलेला आहे.) मला रडायला आलं होतं. घरी कोणाला सांगितलं नाही. मिरवणुकीच्या दिवशी आई लक्ष्मी रोडला एका दुकानाच्या पायरीवर उभी राहून ढोलांच्या रांगांत मला शोधत होती आणि मी तिच्या नाकासमोर ध्वज नाचवत होतो.

त्यानंतरची चार वर्षं मी ध्वजच नाचवला. म्हणजे एकही वाद्य न वाजवणारा मी पथकाचा सभासद होतो, वर्गणी भरून. आणि त्या चार वर्षांत मला जेवढा ताल कळला तेवढा ढोल बडवताना कळला नव्हता. पन्नास ढोल एकदम वाजायला लागले की मागच्या रांगेला ताशा ऐकू येत नाही. आमच्या पथकात मागची पोरं समोर बघायची. ध्वज खाली आला की हात बदलायचा. मी चुकलो असतो तर मागचे वीस जण चुकले असते. शिकवा मला ताल.

२००७ च्या डिसेंबरात मी कंपनीच्या कामासाठी बॉस्टनजवळ राहत होतो. चार वर्षं थांबलेला हा बँड तेव्हा पुन्हा उभा राहिला, आपल्या घरच्या 'होमटाउन थ्रोडाउन' ह्या वार्षिक कार्यक्रमांसाठी. १९९४ पासून नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या दिवसांत ते हे करत आले होते. तो दहावा होता, २६ ते ३० डिसेंबर, सलग पाच रात्री, बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये, सेंट्रल स्क्वेअरमधल्या 'मिडल ईस्ट' ह्या क्लबच्या तळघरात. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची बायको आजारी पडली म्हणून त्याचं जादा तिकीट मला मिळालं. (ती बरी झाली.) मला बँड फारसा ठाऊक नव्हता. १९९५ च्या 'क्लूलेस' सिनेमातल्या कॉलेजच्या पार्टीत वाजवतात ते हेच, एवढंच माहीत.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, रेड लाइन मेट्रोमधून उतरून चालताना नाक बधिर. आत तळघरात सहाशेच्या आतबाहेर माणसं, छत खाली, आणि पहिल्या गाण्यानंतर अंगातल्या स्वेटरचं काय करावं ते कळेना. चौकड्यांचे कोट घालून ही मंडळी आली. बॅरेटचा आवाज म्हणजे खडीच्या गाडीसारखा. आणि मला, पाच वर्षं पथकात काढलेल्या मला, पहिली दहा मिनिटं ठोका सापडेना!

का सापडेना ते ऐका, कारण प्रतिक्रियेत तालावर बरंच पांडित्य आहे पण हे नाही. स्कामध्ये 'एक-आणि-दोन-आणि' मोजलंत तर गिटारचा झटका 'एक'वर पडत नाही, तो त्या 'आणि'वर पडतो. ज्या जागेत आपण पाय उचललेला असतो, नेमकी तिथे. आपले कान समेची वाट बघणारे, त्यामुळे आपण सतत अर्धं पाऊल मागे. त्यात बॉसटोन्स हे नुसतं स्का वाजवत नसत. १९८९ च्या पहिल्या अल्बमपासून त्यांनी त्यात बॉस्टनचा हार्डकोर (पंकचाच आणखी वेगवान, दणकट प्रकार) कालवला, लोक त्याला स्काकोर म्हणायला लागले. म्हणजे उड्या मारत चाललेलं गाणं मध्येच सरळ धावत सुटतं आणि पुन्हा उड्यांवर येतं.

मी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं तेव्हा स्टेजच्या कडेला सुटाबुटातला एक माणूस दिसला. हातात काही नाही. गुडघे आणि कोपर नेमके त्या 'आणि'वर उचलत होता. गिटार वेगात सरळ झाली की त्याचंही अंग सरळ, स्का परत आला की पुन्हा गुडघे वर. मी त्याच्या गुडघ्यांकडे बघून ठोका पकडला. माझ्या डाव्या हाताचा एक दाढीवाला, पोटाने भरलेला गृहस्थही त्याच्याकडेच बघत होता. अख्खी पुढची रांग त्याच्याकडे बघून नाचत होती आणि मागची रांग पुढचीकडे बघून. कोणी पडलं की चार हात त्याला उचलायचे आणि पुन्हा गर्दीत सोडून द्यायचे. मला तिथे आमचं पथक आठवलं, ह्यात माझा काय दोष?

तर 'रेकॉर्डवर तो ऐकू येत नाही' ह्याला माझं उत्तर हे. १९९८ ची त्यांची लाइव्ह रेकॉर्ड, जी ह्याच 'मिडल ईस्ट'मध्ये झाली, ती जरूर ऐका. बेन कार ऐकू येणार नाही. जे लोक ओरडताहेत ते ऐकू येतील. ते काय बघून ओरडताहेत ह्याचा विचार हेडफोन काढून करा.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. जमैका: स्का जमैकातला, तिथला 'स्काटेलाइट्स' बँड १९६४ चा, पुढे इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीच्या 'स्पेशल्स' ह्या काळ्यागोऱ्यांच्या एकत्र बँडने १९७९ मध्ये तो पुन्हा वाजवला, आणि बॉस्टनची पोरं त्या इंग्लंडवाल्यांचं ऐकत वाढली. हे मी लिहायला हवं होतं का? असेल. लेख बँडच्या कार्यक्रमांवर होता, इतिहासाचा पेपर नव्हता. एक गाणं: ते 'द इम्प्रेशन दॅट आय गेट', १९९७ चं, अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. ते ज्या अल्बमवर आहे तो त्यांचा पाचवा. चौदा वर्षं घासल्यावर आलेल्या यशाला तुम्ही 'एक गाणं' म्हणणार असाल तर म्हणा, तुमच्या घरी कोण येऊन भांडणार आहे.

आणि फुटण्याबद्दल. २०२१ मध्ये नवा अल्बम आला, २७ जानेवारी २०२२ ला बँड संपल्याचं निवेदन आलं. निवेदनात कारण दिलेलं नव्हतं. बाहेर त्याबद्दल काय काय बोललं गेलं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. मी ते लिहिलं नाही, कारण मला त्या रात्रीवर लिहायचं होतं. ह्याला तुम्ही सोयीस्कर म्हणता. म्हणा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी टोपणनावाखाली निदान गाव तरी लिहीत जा. गणपतीत त्या बाजूला पथक गेलंच तर जुन्या दोस्तांना सांगून तुमच्या हातात ध्वज देतो, विसर्जनाची अख्खी मिरवणूक.

ता. क. दुरुस्तीनंतरही लेखात खाली एका ठिकाणी 'ट्रम्पेट' राहिलं होतं, ते आत्ता काढलं. ते मात्र तुम्हाला दिसलं नव्हतं.