डावीकडून चालतात म्हणून डाव्या हातचा मळ नव्हे

दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला: सोसायटी, शाळा आणि मामेभावंडं. मजकूर थोडक्यात असा: ‘थायलंडला जाऊन टूरच्या बसमध्ये कशाला कोंबून घेता? तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. आपलं स्मार्टकार्ड लायसन्स चालतं, आयडीपी हा एजंटांचा धंदा. विमा भाड्यातच असतो. रस्ते समृद्धीसारखे, चिआंग माई ते फुकेत दोन दिवसांत आरामात. पोलिसानं अडवलं तर दोनशे बाट. वाटलं तर तीच गाडी लाओस-मलेशियात फिरवून आणा. पुढच्या वर्षी तर आपली स्वतःची गाडी मणिपूरमार्गे थेट बँकॉकला! शाकाहाऱ्यांनी मात्र ठेपले न्यावेत. आणि हॉर्न वाजवू नये, दंड होतो.’ शेवटी ‘ज्यानं समृद्धीवर गाडी मारली त्याला थायलंड म्हणजे डाव्या हातचा मळ’, आणि तीन अंगठे.

थायलंडमध्ये गाडी स्वतः चालवावी या मताचा मीही आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी, बायको आणि मेहुणा असे तिघं चिआंग राईहून क्राबीपर्यंत गेलो. सोळा दिवस लागले, आणि पुन्हा गेलो तर वीस लावू. माझं भांडण ‘जा’ या सल्ल्याशी नाही, ‘आपल्यासारखंच’ या शब्दाशी आहे. तिथली बाजू आपली, स्टिअरिंग आपल्याच हाताला, म्हणून डोकं पहिल्या तासाभरात निर्धास्त होतं. युरोपात उजवीकडून चालवताना माणूस आठवडाभर जपून असतो. इथे जपायचं राहूनच जातं.

आधी लायसन्स. मेसेज लिहिणाऱ्याला काउंटरवर नुसत्या भारतीय लायसन्सवर चावी मिळाली असेल, तर मी त्याला खोटं पाडणार नाही. पण चावी देणारा पोलीस नसतो आणि विमा कंपनीही नसतो. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार जो आंतरराष्ट्रीय परवाना देतो, म्हणजे आयडीपी, तो थायलंडमध्ये चालतो, आणि तो मूळ लायसन्ससोबत जवळ ठेवायचा असतो. त्याला एजंट लागतच नाही. आपल्याच आरटीओचा फॉर्म ४-ए, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. धंदा कुणाचा असेल तर तो इंटरनेटवर ‘दहा वर्षांचं इंटरनॅशनल लायसन्स’ विकणाऱ्यांचा. त्या पुस्तिकेची किंमत तिच्या कागदाएवढी. आणखी एक, तुमच्या लायसन्सवर फक्त कार असेल तर आयडीपीवरही फक्त कारच येते. पाई या उत्तरेतल्या डोंगरी गावात पोहोचल्यावर हौसेनं स्कूटर भाड्यानं घेणारे नेमकं हेच विसरतात.

विमा या मुद्द्याला इथेच जोडलेला आहे, कारण वैध परवाना नसेल तर कंपनीला हात वर करायला तेवढं कारण पुरतं. ‘भाड्यातच असतो’ हे अर्धसत्य आहे. प्रत्येक गाडीला सक्तीचा असतो तो विमा, ज्याला तिथे ‘फॉ रॉ बॉ’ म्हणतात, तो फक्त माणसांच्या इजेपुरता आणि ठरावीक रकमेपर्यंत. गाडीचं, समोरच्याच्या गाडीचं नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी ‘चान नुंग’, म्हणजे पहिल्या श्रेणीचा विमा हवा, आणि त्यातही पहिले काही हजार बाट तुमच्याच खिशातून जाण्याची अट असते. टायर, काचा, गाडीचा तळ हे बहुतेक वेळा बाहेरच. आम्ही क्राबीला गाडी परत केली तेव्हा रिमवरच्या एका ओरखड्यासाठी डिपॉझिट अडकवून ठेवलं होतं. चिआंग राईच्या पार्किंगमध्ये बायकोनं चारही चाकांचा व्हिडिओ काढून ठेवला होता, म्हणून सुटलो. तेव्हा मी तिला हसलो होतो. आणि अपघात झालाच तर समजुतीनं गाड्या बाजूला घेऊन मोकळं व्हायचं नाही. विमा कंपनीला फोन करायचा, तिचा माणूस बहुधा मोटरसायकलवरून येतो, फोटो काढतो, कागद करतो. तोवर थांबायचं.

आता ‘रस्ते समृद्धीसारखे’. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण माणसं मरतात ती या मुद्द्यावर.

समृद्धी ७०१ किलोमीटर आहे आणि त्यावर मध्ये कुणी आडवं येऊ नये अशी तिची बांधणीच आहे. थायलंडमध्ये असे बंदिस्त रस्ते आहेत, त्यांना मोटरवे म्हणतात: पट्टायाकडे जाणारा ७ नंबर, बँकॉकला वळसा घालणारा ९ नंबर, कोराटकडचा ६ नंबर. पण देश उभा पार करताना तुम्ही बहुतांश असता साध्या महामार्गांवर. उत्तरेला १ नंबर, फहोनयोथिन; दक्षिणेला ४ नंबर, फेतकासेम. चार पदरी, गुळगुळीत, मध्ये दुभाजक. दिसायला एक्सप्रेसवे, स्वभावानं गावातला रस्ता. कडेला शाळा, बाजार, देऊळ, उसाचा कारखाना, आणि या सगळ्यांना पलीकडे जायचं असतं.

पलीकडे जायचं कसं? चौक कमी. त्याऐवजी दुभाजकात काही किलोमीटरवर एक फट असते, तिला ‘क्लप रोत’ म्हणतात, म्हणजे आपला यू-टर्न. ती फट उजव्या पदराला लागून, म्हणजे तुमच्या वेगाच्या पदरातच. वळणारी वाहनं तुमच्यापुढे त्या पदरात थबकतात, आणि समोरून वळून आलेली वाहनं त्याच पदरात शून्यातून वेग घेत शिरतात. काही ठिकाणी घोड्याच्या नालेच्या आकाराचे पूल बांधून हा प्रश्न सोडवलाय. सगळीकडे नाही.

कांफेंग फेत सोडून नखोन सवानकडे निघालो होतो. संध्याकाळचे सात, अंधार पडलेला. मेहुणा चालवत होता, उजव्या पदरात, नव्वदच्या आसपास. पुढे रस्ता रिकामा दिसत होता. मग रिकाम्या रस्त्याचा एक तुकडा हलला. दहाचाकी ट्रक, टपापासून हातभर वर रचलेला ऊस, मागचे दिवे उसाच्या शेंड्यांत बुडालेले. तो समोरच्या बाजूनं वळत होता आणि एका वळणात मावत नसल्यामुळे त्यानं दोन्ही पदर आडवे घेतले होते. मेहुणा सांगलीचा आहे. असा ट्रक त्यानं प्रत्येक हंगामात पाहिलाय, म्हणून त्याचा पाय ब्रेकवर माझ्या ओरडण्याच्या आधी गेला. गाडी थांबली तेव्हा विंडशील्डवर उसाचं पाचट पडत होतं. तो एवढंच म्हणाला, ‘गाळप जोरात दिसतंय.’ नखोन सवानपर्यंत पुढे कुणी बोललं नाही. पिंग आणि नान या नद्या तिथे मिळून चाओ फ्रया होते, तो संगम बघायचं ठरलं होतं. सरळ हॉटेलवर जाऊन झोपलो.

या यू-टर्नचंच दुसरं अपत्य म्हणजे ‘योन सोन’: उलट्या दिशेनं येणारी मोटरसायकल. शंभर मीटर मागच्या दुकानात जायला सहा किलोमीटरचा फेरा कोण घेणार? म्हणून माणूस रस्त्याच्या डाव्या कडेनं उलटा येतो, कधी बाजूला टपरी जोडलेली ‘सालेंग’ घेऊन, दिव्याशिवाय. ‘हे तर आपल्याकडेही आहे,’ म्हणाल. आहेच. पण आपल्याकडे तुम्ही ते येणार असं धरून चालता. तिथल्या चकचकीत डांबरावर ते धरणं सुटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात थायलंडमधले रस्त्यांवरचे मृत्यू लाखामागे ३२.७ होते, भारताचे २२.६. २०२३ च्या अहवालात थायलंडचा आकडा २५.४ वर आला, तरी चांगला म्हणावा असा नाहीच. त्या पहिल्या अहवालानुसार मरणाऱ्यांत जवळजवळ तीन-चतुर्थांश दुचाकी-तिचाकीवरचे. म्हणजे कारमध्ये बसलेल्यानं हा आकडा ‘मला काय होईल’ म्हणून वाचायचा नसतो. ‘माझ्या बंपरपुढे कोण येईल’ म्हणून वाचायचा असतो.

‘चिआंग माई ते फुकेत दोन दिवसांत.’ चिआंग माई ते बँकॉक सुमारे ७०० किलोमीटर, तिथून फुकेत सुमारे ८५०. साध्या महामार्गावर वेगमर्यादा ९०, फक्त मोटरवेवर आणि काही ठरवून दिलेल्या चार पदरी तुकड्यांवर १२०. त्यात बँकॉकहून दक्षिणेला निघायचं म्हणजे रामा दोन रस्ता, नंबर ३५. त्याचं काम वर्षानुवर्षं असं चालू आहे की थाई लोकांनी त्याचं नावच ‘सात पिढ्यांचा रस्ता’ ठेवलंय. मुंबई-गोवा महामार्गावर वाढलेल्या माणसाला त्या नावाचं भाषांतर लागत नाही. दोन दिवसांत होतं का? होतं, दोघांनी आळीपाळीनं बैलासारखं ओढलं तर. मग त्यापेक्षा विमानानं जा, स्वस्त पडेल.

बेत आखताना उपयोगी पडेल अशी खूण त्या मेसेजमध्ये नाही, ती देतो. थायलंडमध्ये रस्त्याच्या क्रमांकाचा पहिला आकडा भाग सांगतो: १ उत्तर, २ ईशान्येकडचा इसान, ३ मध्य आणि पूर्व, ४ दक्षिण. आणि आकडे जितके जास्त, तितका रस्ता साधारण लहान. १ म्हणजे राजरस्ता. १०९५ म्हणजे चिआंग माईहून पाईला जाणारा घाट, ज्याची ७६२ वळणं तिथे टी-शर्टवर छापून विकतात. फोनमधला नकाशा ‘वीस मिनिटं वाचतील’ म्हणून चार आकडी रस्त्यावर वळायला सांगेल तेव्हा हे आठवा. चुम्फोनला फेतकासेम उजवीकडे रानोंगच्या डोंगरात जातो आणि बहुतेक रहदारी सरळ ४१ नंबरनं सुरत थानीकडे जाते. दोन्ही रस्ते चांगले, पण एक सहलीचा आणि एक पोहोचण्याचा. आम्ही रानोंगचा घेतला. क्रा संयोगभूमीवरून, डावी-उजवी वळणं घेत, पाऊस नसताना.

पावसावरून आठवलं, मेसेज दिवाळीत फिरतो आणि दिवाळीच्या पावसाबद्दल मूग गिळून बसतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा थायलंडच्या आखाताच्या बाजूचा, म्हणजे सुरत थानी, नखोन सी थम्मारात, समुई या पट्ट्याचा जोराचा पाऊस. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हात याई शहर पाण्याखाली गेलं होतं. फुकेत-क्राबीच्या, अंदमान समुद्राकडच्या किनाऱ्यावर पाऊस तोवर ओसरत असतो. उलट फेब्रुवारी ते एप्रिल उत्तरेत शेतं आणि जंगलं जळतात, चिआंग माईचा डोंगर धुरात दिसेनासा होतो. एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान, म्हणजे पाणी उडवत साजरं होणारं थाई नववर्ष. त्या आठवड्याला तिथलं सरकारच ‘सात धोकादायक दिवस’ म्हणून अपघात मोजतं. त्या दिवसांत गाडी उभी करून पाण्यात भिजावं.

पोलिसांचे दोनशे बाट: असे किस्से मीही ऐकलेत. पण लाच देणं तिथेही गुन्हा आहे, आणि वेगाचे कॅमेरे नोटा घेत नाहीत. चलन गाडीच्या मालकाकडे जातं, तो ते तुमच्या कार्डावर टाकतो, वर स्वतःचं शुल्क लावून. अडचण आलीच तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, महामार्ग पोलीस ११९३, रुग्णवाहिका १६६९.

लाओस-मलेशियाचं म्हणाल तर भाड्याचा करारच बहुधा वाचला गेलेला नाही. सीमा ओलांडायला जवळपास सगळ्यांची मनाई असते, आणि चोरून नेलीत तर विमा सीमेवरच संपतो. शिवाय नोंग खाईचा १९९४ चा मैत्री पूल ओलांडला की लाओसमध्ये वाहतूक उजवीकडून. म्यानमार आणि कंबोडियातही उजवीकडूनच. शेजाऱ्यांत डावीकडचा फक्त मलेशिया. देशाच्या आतही दोन कडा टाळा: दक्षिण टोकाचे पत्तानी, याला, नराथिवात हे अशांत प्रांत, आणि २०२५ च्या जुलैत जिथे तोफा धडधडल्या ती कंबोडियाची सीमा.

मणिपूरमार्गे स्वतःची गाडी? मणिपूरमधलं मोरेह ते म्यानमार ओलांडून थायलंडमधलं मे सोत हा त्रिपक्षीय महामार्ग सुमारे १,३६० किलोमीटरचा, आणि ‘पुढच्या वर्षी’ हे वाक्य त्याच्याबद्दल वीस वर्षं ऐकतोय. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमध्ये यादवी पेटलेली आहे आणि मे सोतसमोरच्या म्यावाडीतच लढाया झाल्या आहेत. डांबर पडलं तरी तेवढ्यानं वाट उघडत नाही. वर थायलंडमध्ये परदेशी गाडी न्यायला तिथल्या परिवहन खात्याची आगाऊ परवानगी लागते, तीही स्थानिक टूर कंपनीमार्फत.

ठेपल्यांबद्दल दोन ओळी. पिवळ्या पाटीवर लाल रंगात १७ सारखं दिसणारं अक्षर शोधा, ते ‘जे’. त्या गाड्यावर मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणारी माझी आत्यासुद्धा तिथे जेवेल. आणि पेट्रोल पंपांचं मेसेजवाल्यानं कौतुक केलं नाही याचंच नवल वाटतं. महामार्गावरच्या मोठ्या पंपावर दुकान, कॉफी, झाडाखाली बाक आणि धुतलेली स्वच्छतागृहं. बायकोच्या मते हा एवढा एक मुद्दा लिहिला असता तरी मेसेज पुरे झाला असता.

राहिला हॉर्न. कायदा सांगतो की गरजेपुरता वाजवा, उगाच लांबलचक किंवा पुन्हापुन्हा नको. लोक खरंच वाजवत नाहीत, आठवडाभरात कान बरे होतात. पण ‘अजिबात नाही’ हे खरं नव्हे. न्गाओहून लांपांगला येताना १ नंबरच्या रस्त्यावर प्रातू फा नावाचं देवाचं ठाणं लागतं, कड्याखाली. तिथून जाणारा प्रत्येक ट्रक, प्रत्येक बस हॉर्न देते. आम्हाला आधी कळेना की काय अडलंय. मग मेहुण्यानं बोरघाटातल्या शिंग्रोब्याचं नाव घेतलं, खिशातून दहा बाटचं नाणं काढलं, आणि मी स्टिअरिंगवर हात दाबला.