'अभ्यास वाढवा' म्हणणाऱ्या वाचकास

परवाच्या 'अ‍ॅन एज्युकेशन इन मॅलिस' (एस. टी. गिब्सन यांची, 'कार्मिला' या जुन्या व्हॅम्पायरकथेवर बेतलेली कादंबरी) यावरच्या माझ्या पोस्टखाली 'परखड वाचक' या नावाने आलेली प्रतिक्रिया चार वेळा वाचली. तिसऱ्या वेळी दूध उतू गेलं. म्हणणं असं: साल चुकलंय, इंग्रजी शब्द फार, विद्यार्थिनीवर डोळा ठेवणाऱ्या प्राध्यापिकेला मी 'मोहक' म्हटलं ते खटकलं. आणि मग हे वाक्य: 'मूळ व्हॅम्पायरकथेत बायकाबायकांचं असलं काही नव्हतं, आजकालच्या लेखिकांनी घुसडलेलं खूळ आहे हे. ताई, जरा अभ्यास वाढवा.'

'कार्मिला'चं साल चुकलं, मान्य. 'कार्मिला' पुस्तकात आली १८७२ मध्ये, पण 'द डार्क ब्लू' मासिकात १८७१ च्या अखेरीपासूनच क्रमशः येत होती. धन्यवाद.

आता 'ताई'. स्वतःचं नाव झाकून ठेवायचं, वर नातं जोडायचं आणि त्याच वाक्यात कान पिळायचा! लग्नकार्यात आमच्याकडे असे दोन-तीन काका असतातच, त्यामुळे सवय आहे. चूक दाखवायला कोण नको म्हणतंय? पण 'खूळ', 'असलं काही', हे शब्द वाचनातून येत नाहीत.

आणि मूळ कथा म्हणजे कोणती हो? ब्रॅम स्टोकरचा 'ड्राक्युला' १८९७ चा. डब्लिनच्या शेरिडन ले फानूची 'कार्मिला' त्याच्या पंचवीस वर्षं आधीची. ऑस्ट्रियातल्या स्टिरियात एका एकाकी गढीत वडिलांबरोबर राहणारी लॉरा. दाराशी बग्गी उलटते आणि पाहुणी म्हणून कार्मिला घरात येते. ती लॉराला जवळ ओढते, गालाचे मुके घेते, तू माझीच आहेस म्हणते. लॉराला ओढही वाटते आणि किळसही, दोन्ही एकदमच. कार्मिलाचं मुंडकं उडवून वर्षं लोटली, तरी शेवटच्या ओळीत लॉराला दिवाणखान्याच्या दाराशी तिची पावलं वाजल्याचा भास होतो. हे कुणी घुसडलं? स्टोकरही डब्लिनचाच, आणि त्याच्या सुरुवातीच्या टिपणांत काउंटचं घर स्टिरियातच होतं.

गिब्सन यांच्या कादंबरीतलं कॉलेजही ओढूनताणून आणलेलं नाही. मुलींचं कॉलेज म्हणून अमेरिकेत व्हासार १८६५ मध्ये सुरू झालं, इंग्लंडात गर्टन १८६९ मध्ये. तिथे मुली घरापासून दूर, एका छपराखाली राहू लागल्या. १८७३ मध्ये अमेरिकेतल्याच येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात व्हासारच्या मुलींची टिंगल छापून आली आहे: एकीचा दुसरीवर जीव जडला की फुलांचे गुच्छ, रंगीत चिठ्ठ्या, खाऊच्या गोळ्यांच्या पुड्या यांचा मारा सुरू. याला 'स्मॅश' म्हणत. 'कार्मिला'ची शाई तेव्हा जेमतेम वाळली होती. मग एस. टी. गिब्सन यांनी तिला १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या मुलींच्या कॉलेजात, कवितेच्या वर्गात आणून बसवलं, तर ती तिथे परकी कशी?

अभ्यासाचं म्हणाल, तर एम.ए.ला आमच्या सरांनी 'ड्राक्युला' महिनाभर शिकवला आणि 'कार्मिला'बद्दल 'परीक्षेला नाही' एवढंच सांगितलं. मी ती झेरॉक्स काढून हॉस्टेलच्या जिन्यात बसून वाचली, कारण साडेदहाला खोलीतले दिवे बंद व्हायचे. त्याच वर्षी आमच्या मजल्यावरच्या दोघींना रेक्टरबाईंनी रातोरात वेगवेगळ्या खोल्यांत हलवलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, 'असलं काही नको इथे.' एकीने पुढच्या महिन्यात हॉस्टेल सोडलं. तिची बादली वर्षअखेरपर्यंत नळापाशी पडून होती. तेव्हा तुमचं ते 'असलं काही' माझ्या चांगलं ओळखीचं आहे. तुम्ही ते कुठल्या पुस्तकात वाचलंत, तेवढं सांगा.

इंग्रजी शब्दांचं काय करू? व्हॅम्पायरला वेताळ म्हणू? आपला वेताळ रक्त पीत नाही, खांद्यावर बसून कोडी घालतो.

प्राध्यापिकेबद्दल एवढंच, की ही कादंबरी आहे, कॉलेजची तक्रारपेटी नव्हे. 'मोहक' राहू देतेय.

साल दुरुस्त केलंय. पुन्हा लिहाल तेव्हा 'ताई' तेवढं गाळा.