'सेरेमोनियल ग्रेड' वाचून जपानी चहा घेऊ नका

जपानी ग्रीन टी कसा निवडावा, याबद्दल एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरत असतो. माचा, म्हणजे चहाच्या पानांची दळलेली पावडर, घ्यायचा तर डब्यावर 'सेरेमोनियल ग्रेड' (चहा समारंभाच्या दर्जाचा) लिहिलेलाच घ्या, रंग जितका गडद हिरवा तितका दर्जा वरचा, चहा क्योटोजवळच्या उजीचाच हवा आणि यंदाच्या तोडणीचाच हवा. शेवटी ठरलेलं वाक्य: माचात साध्या ग्रीन टीच्या 137 पट अँटिऑक्सिडंट असतात. हे वाचून लोक इवल्याशा डब्यासाठी हजारो रुपये मोजतात. ते पैसे वाया जाऊ नयेत, म्हणून एकेक दावा तपासू.

'सेरेमोनियल ग्रेड म्हणजे सर्वोत्तम.' जपानमध्ये अशी सरकारमान्य प्रतवारीच नाही. हा शिक्का निर्यातीच्या बाजारात रुळला. तो कुणी लावायचा, कशावर लावायचा, याला नियम नाही. जुन्या जपानी पेढ्या आपल्या माचाच्या प्रत्येक मिश्रणाला स्वतंत्र नाव देतात आणि ते कोइचाला चालेल की उसुचाला, हे सांगतात. उसुचा म्हणजे साधारण 2 ग्रॅम पावडर 60-70 मिली पाण्यात घुसळून केलेला फेसाळ चहा. कोइचात पावडर दुप्पट आणि पाणी जवळपास निम्मं, त्यामुळे तो मधासारखा दाट होतो आणि पावडरीतला जरासाही कडवटपणा लपत नाही. 'कोइचासाठी योग्य' या शब्दांवर मी म्हणूनच जास्त विश्वास ठेवते. तुम्हाला दूध घालून लाटे करायचा असेल, तर मात्र असा नाजूक माचा घेऊच नका. त्याची चव दुधात बुडते. थोडा तुरट, स्वस्त माचा तिथे जास्त उठून दिसतो.

'गडद हिरवा तो चांगला.' हे माचा आणि ग्योकुरो (सावलीत वाढवलेला, पानांचा उंची चहा) यांच्यापुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. या चहाची झुडपं तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे आच्छादनाखाली ठेवतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं आणि गोडसर, भरीव चव देणारं थिॲनिन टिकून राहतं. निस्तेज, पिवळट माचा जुना तरी असतो किंवा हलक्या पानाचा.

पण हाच नियम सेंचाला, म्हणजे जपानमधल्या नेहमीच्या पानांच्या ग्रीन टीला लावला की घोटाळा होतो. सेंचाचं झुडूप उन्हात वाढतं आणि कपातला रंग बराचसा वाफेवर ठरतो. तोडलेलं पान काळं पडू नये म्हणून त्याला लगेच वाफ देतात. थोडीच वाफ दिली तर असामुशी, जास्त वेळ दिली तर फुकामुशी. दोन्ही पुड्या बशीत ओतून पाहा. असामुशीची पानं लांब, सुईसारखी, चकचकीत दिसतात; कपात उतरतो तो स्वच्छ, पिवळसर चहा, सुगंध मात्र नाकात भरतो. फुकामुशीचा चुरा झालेला असतो, तळाशी भुकटी साचते, आणि चहा दाट हिरवा, गढूळ, जिभेला मऊ लागतो. शिझुओका या चहासाठी प्रसिद्ध प्रांतातल्या होनयामा, कावाने या डोंगराळ भागांतला उत्तम चहा पुष्कळदा पहिल्या प्रकारचा असतो. मेसेज मानणारा माणूस त्याला 'फिका' म्हणून बाजूला सारेल, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'उजीचाच खरा.' उजीचं नाव मोठं आहे, तेही रास्त कारणांनी. पण 2004 साली क्योटोतल्या चहा व्यावसायिकांच्या संघटनेने ठरवलेल्या व्याख्येनुसार, क्योटोसोबत नारा, शिगा आणि मिए या प्रांतांतलं पानही क्योटोत प्रक्रिया झाल्यास 'उजी चहा' म्हणून विकता येतं. म्हणजे डब्यावरच्या नावावरून मळा कळत नाही. ग्योकुरोसाठी फुकुओकातलं यामे तोलामोलाचं आहे. दक्षिणेकडच्या कागोशिमा प्रांताने तर 2024 मध्ये कच्च्या (फक्त प्राथमिक प्रक्रिया झालेल्या) चहाच्या उत्पादनात शिझुओकाला मागे टाकलं. डब्यावर गावाबरोबर वाण लिहिलेलं असेल तर ते आधी वाचा: याबुकिता हे सगळ्यात जास्त लावलं जाणारं, साएमिदोरी गोडसर आणि कमी तुरट.

'यंदाचा, ताजाच हवा.' सेंचासाठी ठीक. वसंतातल्या पहिल्या तोडणीच्या शिनचाचा ताजेपणा हाच त्याचा गुण. माचासाठी मात्र परंपरा उलटी आहे. वसंतात तोडलेली पानं बरणीत मोहोरबंद करून मुरवायची आणि ती बरणी नोव्हेंबरात उघडायची. त्या समारंभाला कुचिकिरी म्हणतात. तोडणीपेक्षा दळणाची किंवा पॅकिंगची तारीख बघा, आणि डबा एकदा उघडला की काही आठवड्यांत संपवा.

'137 पट.' हा आकडा 2003 मधल्या एका अमेरिकन शोधनिबंधातून आला आहे. त्यात माचातल्या ईजीसीजी या एकाच घटकाची तुलना एकाच ब्रँडच्या चिनी ग्रीन टीशी केली होती. इतर ग्रीन टीच्या तोवर प्रसिद्ध झालेल्या सर्वात मोठ्या आकड्याच्या तुलनेत फरक 'किमान तिप्पट' असल्याचं त्याच निबंधात लिहिलं आहे. ते वाक्य मेसेजमध्ये कधीच येत नाही. शिवाय ईजीसीजी हे कॅटेचिन, म्हणजे चहाला तुरटपणा देणारं अँटिऑक्सिडंट आहे, आणि उन्हात थिॲनिनपासून कॅटेचिन तयार होतात. सावलीत वाढवलेल्या पानात ती प्रक्रिया मंदावते. माचाचा फायदा इतकाच की त्यात अख्खं पान पोटात जातं. औषध म्हणून महागडा माचा घेणाऱ्याने हे समजून घ्यावं, कारण तो पैसे चवीचे मोजतोय.

मेसेजमध्ये पाण्याबद्दल अवाक्षर नाही, आणि चहा बिघडतो तो बहुतेक वेळा तिथेच. ग्योकुरोला 50-60 अंश, सेंचाला 70-80. उकळतं पाणी ओतलं की कॅटेचिन आणि कॅफिन भराभर उतरतात आणि उत्तम पानही कडू होतं. थर्मामीटर नसला तरी चालतं. पाणी एका भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की साधारण दहा अंश उतरतं. जपानचं पाणी बहुतांशी मृदू आहे. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यात हाच चहा बेचव आणि मळकट होतो, तेव्हा फिल्टरचं, कमी क्षाराचं पाणी घ्या.

पहिल्यांदाच घेत असाल तर माचा राहू द्या. पहिल्या तोडणीच्या फुकामुशी सेंचाचं छोटं पाकीट आणा, 4-5 ग्रॅम पानांवर 70 अंशाचं कपभर पाणी ओता, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात गाळा. त्याच पानांवर दुसऱ्यांदा थोडं जास्त गरम पाणी घालता येतं. आणि घरात उकळत्या पाण्याशिवाय चहा होतच नसेल, तर होजिचा घ्या. तो भाजलेला असतो, त्याला उकळतंच पाणी लागतं.